समुद्रावरून नेलेली घरे



या व्याख्यानमालेतले पुष्प बहुधा एखाद्या ग्रंथाला किंवा ग्रंथकाराला वाहिलेले असते. आज मी जे गुंफणार आहे ते जरा दूरच्या मातीतले आहे. आणि माती तरी कसली, तिथे वीतभर खणले की खडक लागतो. उत्तर अटलांटिक महासागरातले न्यूफाउंडलंड हे बेट आणि त्याच्या आजूबाजूला विखुरलेली शेकडो लहान बेटे, हा आजचा विषय आहे. १९५४ ते १९७५ या एकवीस वर्षांत तिथल्या सरकारने या लहान बेटांवरच्या आणि एकाकी खाड्यांतल्या सुमारे ३०० वस्त्या उठवल्या आणि तीस हजारांच्या जवळपास माणसे मोठ्या बेटावरच्या निवडक गावांत नेऊन वसवली. त्यात कुणावर बंदूक रोखली नाही की कुणाला नोटीस बजावली नाही. सगळे लोकांच्या संमतीने झाले. या ‘संमती’विषयीच मला बोलायचे आहे.

गोव्यात बसून न्यूफाउंडलंडची गोष्ट कशाला, असे कुणाच्या मनात येईल. पोर्तुगीज अमदानीतला ‘बाकाल्याव’ हा शब्द आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. खारवून, लाकडासारखा कडक सुकवलेला तो मासा म्हणजे कॉड. न्यूफाउंडलंडच्या समोरच्या उथळ समुद्रात पोर्तुगीज दर्यावर्दी शतकानुशतके तो पकडत आले. पांढऱ्या रंगाने रंगवलेली त्यांची गलबते विसाव्या शतकाच्या सत्तरीपर्यंत सेंट जॉन्सच्या बंदरात नांगर टाकत. तिथल्या एका बेटाचे नावच बाकाल्यू आहे. म्हणजे पणजीला आणि सेंट जॉन्सला एकाच माशाचे नाव एकाच भाषेतून मिळाले. ओळख काढायला एवढे धागेदोरे पुरेसे आहेत.

न्यूफाउंडलंड हे बेट आकाराने महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आहे. १९४९ साली तिथली लोकसंख्या होती साडेतीन लाखांच्या घरात. या साडेतीन लाखांतली बरीचशी माणसे किनाऱ्यावरच्या तेराशेच्या आसपास वस्त्यांत राहत. तिथे त्यांना ‘आउटपोर्ट’ म्हणतात. कुठे चाळीस घरे, कुठे पंधरा, कुठे सहाच. रस्ता नाही, वीज नाही. शेजारच्या गावाला जायचे तर होडीने, आणि हिवाळ्यात खाडी गोठली तर बर्फावरून. अशा जागी माणसे राहायला का गेली, याचे उत्तर सोपे आहे. वल्ह्याच्या होडीने मासेमारी करणाऱ्याला मासळीच्या जितके जवळ राहता येईल तितके बरे. बाहेरच्या बेटावर राहणाऱ्याला पहाटे उठून अर्ध्या तासात मासळीवर पोहोचता येई. आपण नकाशावर पाहतो तेव्हा ती बेटे कुठल्या कुठे फेकलेली दिसतात. समुद्राकडून पाहिले तर तीच मध्यावर होती.

घर म्हणजे कारखानाही होता. पुरुष मासे आणत, बायका आणि मुले ते चिरून, खारवून, किनाऱ्यावर उभारलेल्या लाकडी मांडवांवर वाळवत. ऊन जास्त झाले की मासा करपतो, पावसाची सर आली की नासतो. दिवसभर आभाळाकडे डोळा. आपल्याकडे वाळवणाची राखण करणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. हंगामाच्या शेवटी सगळी मासळी गावच्या व्यापाऱ्याकडे जाई आणि त्या बदल्यात पीठ, गूळ, चहा, दोरखंड, मीठ मिळे. रोकड कुणाच्या हाती फारशी पडत नसे. खातेवही व्यापाऱ्याकडे, भाव त्यानेच ठरवायचा आणि बाकीही त्यानेच काढायची. या आयुष्याचे गोडवे गाताना ही खातेवही विसरून चालत नाही. क्षयाने माणसे मरत. बाळंतीण अडली आणि वारा सुटलेला असला तर डॉक्टर दिसायच्या आत सगळे संपलेले असे. शाळा म्हणजे एक खोली आणि एक मास्तर, तोही एखाद्या वर्षी मिळे, एखाद्या वर्षी मिळत नसे.

म्हणूनच काही माणसे सरकार मध्ये पडण्याच्या आधीपासूनच निघाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आठ-नऊ वर्षांत चाळीसहून अधिक वस्त्या कुणाच्या मदतीवाचून आपापल्या रिकाम्या झाल्या. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढे जे घडले त्यात सरकार राक्षस आणि गावकरी देवमाणसे अशी मांडणी केली तर ती खोटी ठरेल.

आता थोडा राजकीय इतिहास, पण अगदी थोडा. न्यूफाउंडलंड हा एके काळी स्वायत्त देश होता. कर्जात बुडाल्यामुळे १९३४ साली त्याने आपली विधानसभा गुंडाळली आणि लंडनहून नेमलेल्या आयोगाच्या हाती कारभार दिला. युद्धानंतर पुढे काय, यावर जनमत घेतले गेले. जुलै १९४८ मधल्या दुसऱ्या फेरीत कॅनडात सामील होण्याच्या बाजूने ५२ टक्के आणि विरोधात ४८ टक्के अशी मते पडली. टक्के थोडे इकडेतिकडे झाले असते तर देश राहिला असता. ‘मराठी टक्का’ हा शब्द सीमाभागातल्या आपल्या नातेवाइकांकडून तुम्ही ऐकलेला असेल. टक्क्यावर माणसांचे नशीब ठरणे म्हणजे काय हे तुम्हाला न्यूफाउंडलंडच्या माणसाने शिकवायला नको.

सामिलीकरणाच्या बाजूचा पुढारी होता जोसेफ स्मॉलवुड, सगळ्यांचा ‘जोई’. मूळचा पत्रकार, नंतर रेडिओवर लोककथा आणि गावगप्पा सांगणारा लोकप्रिय माणूस. तो १९४९ पासून १९७२ पर्यंत मुख्यमंत्री राहिला. त्याच्या राज्यात मुलांमागे भत्ता आला, म्हाताऱ्यांना पेन्शन आली, शाळा, दवाखाने, रस्ते आले. कित्येक घरांत पहिल्यांदा रोख पैसा आला, तोही व्यापाऱ्याच्या वहीतून न जाता. लोकांनी त्याच्यावर प्रेम केले ते उगीच नाही. पण तेराशे वस्त्यांना रस्ता, वीज आणि डॉक्टर पोहोचवायचा तर तिजोरी पुरणार नाही, हे त्याला लवकरच कळले. सोयी माणसांकडे नेता येत नसतील तर माणसे सोयींकडे आणावीत, असा हिशेब झाला. कागदावर तो बिनतोड आहे.

१९५४ साली पहिली योजना आली. ती राबवायची होती प्रांताच्या लोककल्याण खात्याने. वस्ती हलवायला गावातल्या प्रत्येकाची संमती हवी, अशी अट होती: शंभर टक्के. मदत सुरुवातीला कुटुंबामागे १५० डॉलर, पुढे ती वाढत ६०० पर्यंत गेली. १९६५ मध्ये कॅनडाचे केंद्र सरकार आणि प्रांत यांनी मिळून दुसरी योजना आणली. आता ती मत्स्यखात्याकडे होती. कुटुंबाला १,००० डॉलर, शिवाय घरातल्या प्रत्येक माणसामागे २०० डॉलर. म्हणजे सहा मुलांच्या घराला आठ माणसांचे मिळून २,६०० डॉलर. ज्यांनी उभ्या आयुष्यात शंभराची नोट एकगठ्ठा पाहिली नव्हती त्यांच्यासाठी ही रक्कम किती मोठी होती याचा अंदाज करा. आणि संमतीची अट शंभरावरून नव्वदवर आली, मग ऐंशीवर.

या तीन आकड्यांशी मी जरा थांबणार आहे. शंभर टक्क्यांची अट ऐकायला उदार वाटते: एकानेही नाही म्हटले तर गाव हलणार नाही. पण त्याचा अर्थ असा की ज्याला जायचे आहे त्या प्रत्येकाच्या वाटेत तो एक माणूस उभा. गावात तीस घरे, एकोणतीस तयार, एक म्हातारा म्हणतो माझ्या बापाने बांधलेले घर सोडणार नाही. आता त्याच्या दारावरून जाणारा प्रत्येक शेजारी मनात म्हणतो, याच्यापायी माझ्या पोराची शाळा अडली. हे गुप्त मतदान नव्हते. सभा भरायची, गावातल्या तिघांची समिती निवडायची, आणि समितीने अर्जावर सह्या गोळा करायच्या. कुणाची सही आहे आणि कुणाची नाही हे साऱ्या गावाला ठाऊक. त्याच विहिरीवर पाणी भरायचे, त्याच चर्चमध्ये रविवारी बसायचे, संकटात त्याच्याच होडीला हाक मारायची.

मग अट ऐंशीवर आली. वरवर पाहता एकट्या माणसावरचे दडपण उतरले. पण आता त्याच्या नकाराला किंमतही उरली नाही. ऐंशी टक्के गेले की उरलेल्या वीस टक्क्यांनी राहायचे कुठे? डाक बंद, दुकान बंद, मास्तर नाही, पाद्री येत नाही. ‘तुम्ही राहू शकता’ असे सरकार म्हणत होते, आणि ते शब्दशः खरेही होते.

मेमोरियल विद्यापीठातल्या नोएल इव्हर्सन आणि राल्फ मॅथ्यूज या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६८ साली या स्थलांतरावर ‘कम्युनिटीज इन डिक्लाइन’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांतून आणि लोकांच्या आठवणींतून एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आधी मास्तर जातो. पुढच्या वर्षी नवा मिळत नाही. मग ज्या घरांत शाळेच्या वयाची मुले आहेत ती घरे चलबिचल होतात. मग व्यापारी दुकान आवरतो, कारण त्याला वारे आधी कळते. मग पाद्री चर्चमध्ये सांगतो की विचार करायला हवा. यातले कुणीही हुकूम देत नाही. पण सही करण्याची पाळी येते तेव्हा माणूस ‘जाऊ का राहू’ हा प्रश्न सोडवत नसतो. ‘बाकीचे गेल्यावर माझे काय’ हा सोडवत असतो. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी येऊ शकतात, आणि सरकारने मोजली ती फक्त दुसऱ्याची. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा दोष इथे आहे. माणसे हलवली यात तो नाही. गावाला विचारण्याच्या ऐवजी घरे मोजली, यात आहे.

(‘होड्या जाळून टाका, मासेमारीला भविष्य नाही’ असे स्मॉलवुड म्हणाला होता, अशी तिथे सर्वश्रुत वदंता आहे. तो शेवटपर्यंत हे नाकारत राहिला. म्हणाला असो वा नसो, लोकांनी ते त्याच्या तोंडी घातले, यावरून त्यांना काय ऐकू आले ते समजते.)

आता जाण्याविषयी. ही माणसे नुसती सामान घेऊन गेली नाहीत. बऱ्याच जणांनी घरेच नेली. लाकडी घर, खाली पक्का पाया नाही, खांबांवर उभे. धुरांडे उतरवायचे, चूल बाहेर काढायची, खिडक्यांना फळ्या ठोकायच्या. घराखाली ओंडके सरकवायचे. मग गावातले सगळे पुरुष दोरखंडाला लागत आणि एक जण पुढे होऊन ताल देणारे ओढणीचे गाणे म्हणे. कडव्याच्या शेवटच्या शब्दावर सगळ्यांनी एकदम जोर लावायचा आणि घर हातभर पुढे सरकायचे. पाण्याच्या कडेला आले की मोकळी तेलाची पिंपे चहूबाजूंनी बांधायची, मोठ्या भरतीची वाट पाहायची आणि घर पाण्यात सोडायचे. पुढे चार-पाच मोटारहोड्या, मागे तरंगणारे दुमजली घर, असा ताफा मैलोन्‌मैल खाडीतून हळूहळू जात असे. वारा फिरला तर घर बुडे. बोनाव्हिस्टा उपसागरातल्या आणि प्लासेन्शिया उपसागरातल्या अशा प्रवासांची छायाचित्रे आहेत. त्यांत पाणी इतके शांत आहे की घराचे प्रतिबिंब खाली उलटे दिसते. चित्रकार डेव्हिड ब्लॅकवुड बोनाव्हिस्टाच्याच किनाऱ्यावर वाढलेला. त्याने घर ओढून नेणाऱ्या माणसांवर केलेली काळोख्या निळ्या रंगातली मुद्राचित्रे आज कॅनडाभर नावाजलेली आहेत.

हे चित्र पाहून माणसाला भरून येते. पण एक लक्षात घ्या. एक घर ओढायला सगळे गाव लागते. पहिले घर नेताना तीस माणसे होती. दहावे नेताना वीस. शेवटच्या घराचा मालक कुणाला हाक मारणार? म्हणून शेवटची घरे बहुधा तिथेच राहिली. चर्चची इमारत आणि कबरी मागेच.

आणि पुढे काय मिळाले? सरकारने काही गावांना ‘विकास केंद्र’ म्हणून निवडले होते. प्लासेन्शिया उपसागरातल्या टॅक्स बीच, वुडी आयलंड वगैरे बेटांवरची बरीच कुटुंबे आर्नल्ड्स कोव्ह या गावी आली. उपसागराच्या काठी कारखाने निघणार, पोरांना पगाराच्या नोकऱ्या मिळणार, असे बोलले जात होते. लाँग हार्बरला फॉस्फरसचा कारखाना निघालाही. १९६९ मध्ये त्याच्या सांडपाण्याने लाल पडलेले हेरिंग मासे मरून तरंगू लागले आणि उपसागराच्या त्या भागातली मासेमारी काही काळ बंद करावी लागली. कम बाय चान्सला तेलशुद्धीकरण कारखाना १९७३ साली गाजावाजात सुरू झाला आणि १९७६ मध्ये दिवाळखोरीत गेला. ‘कम बाय चान्स’ हे गावाचे जुने आणि खरे नाव आहे. मी विनोद करत नाही.

ज्याला मासेमारीशिवाय दुसरे काही येत नाही त्याने मग काय केले? तो उन्हाळ्यात होडी काढून आपल्या सोडलेल्या बेटावरच परत गेला. नव्या गावात मासळीच्या चांगल्या जागा तिथल्या जुन्या घरांकडे होत्या. जाळी लावायच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायची पद्धत होती, आणि उपऱ्याला कुणी आपल्या चिठ्ठ्यांत सहज घेत नाही. रापणकारांच्या गावात राहणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल. म्हणून ही माणसे मे महिन्यात जुन्या बेटावर जाऊन झोपडीत राहत, सप्टेंबरात परत येत. पूर्वी पहाटे अर्ध्या तासात मासळीवर पोहोचणारा माणूस आता चार-पाच महिने बायकामुलांपासून दूर. सरकारी कागदावर मात्र तो ‘पुनर्वसित’.

तरीही मी म्हणेन, सगळे फसले असे नाही. कित्येक मुलींना शिकता आले, परिचारिका होता आले. कित्येक बाया उघड म्हणत की त्या बेटावर परत पाऊल टाकायचे नाही. पाणी वाहून वाहून कंबर मोडली होती. घराची ओढ बहुधा पुरुषांच्या गाण्यांतून ऐकू येते. नळाच्या पाण्यावर गाणे कुणी रचत नाही.

साहित्यात मात्र या दोन पिढ्यांत पुष्कळ उमटले. पॅट बर्न आणि अल पिटमन यांचे ‘द गव्हर्नमेंट गेम’ हे गाणे तिथे घरोघरी माहीत आहे. पिटमनचा जन्म प्लासेन्शिया उपसागरातल्या सेंट लेनर्ड्स या वस्तीचा, आणि ती वस्ती उठली. त्याने पुढे ‘वेस्ट मून’ नावाचे नाटक लिहिले. त्यात सगळी पात्रे मेलेली आहेत. ख्रिस्ती लोकांचा मृतात्म्यांचा दिवस असतो, आपल्या सर्वपित्रीसारखा, त्या रात्री गावच्या दफनभूमीतली माणसे एकमेकांशी बोलू लागतात. वर गावात काय चालले असेल, पोरे कशी असतील, यंदा मासळी कशी झाली असेल. वर गाव उरलेलेच नाही, हे त्यांना ठाऊक नसते. ज्यांच्या घरी पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहतात त्यांना या कल्पनेचा काटा कुठे रुततो हे समजावून सांगायची गरज नाही.

भाषेचेही झाले. या वस्त्यांतली माणसे इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून आणि आयर्लंडच्या आग्नेय भागातून दोन-तीनशे वर्षांपूर्वी आलेली. एकेका खाडीत तीच बोली पिढ्यान्‌पिढ्या मुरत राहिली, मूळ गावी जी बदलून गेली ती इथे टिकली. बडोद्याच्या किंवा इंदूरच्या मराठीविषयी आपण हेच म्हणतो. मोठ्या गावातल्या शाळेत आल्यावर बेटावरच्या पोरांच्या बोलण्याला इतर पोरे हसू लागली. १९८२ साली मेमोरियल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ‘डिक्शनरी ऑफ न्यूफाउंडलंड इंग्लिश’ हा मोठा कोश पुरा केला. त्यात एक शब्द आहे ‘लिव्यर’. हंगामापुरता मासे पकडून परत जाणारा तो नव्हे. जो इथेच राहतो, बारा महिने राहतो, तो लिव्यर. आपल्या संस्थेच्या सभासदांच्या यादीत बहुतेक लिव्यरच आहेत, असे मला म्हणावेसे वाटते.

आता फोगो बेटाविषयी. न्यूफाउंडलंडच्या ईशान्येला हे बेट आहे. साठच्या दशकात तिथे दहाएक गावे आणि पाचेक हजार माणसे होती. बरीच सरकारी मदतीवर जगत होती. हेही उठवायच्या बेतात होते. गावागावांत बोलणे नव्हते. पंथ वेगळे, शाळा वेगळ्या, जुनी भांडणे. १९६७ साली विद्यापीठाच्या विस्तारसेवा विभागाचा प्रमुख डोनाल्ड स्नोडन आणि कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचा दिग्दर्शक कॉलिन लो तिथे गेले. त्यांनी सत्तावीस लहान चित्रफिती केल्या. कुणी मच्छीमार व्यापाऱ्याविषयी बोलतो, कुणी बाई मुलांविषयी, कुणी सरकारवर चिडतो. या फिती त्यांनी बाहेर नेऊन गाजवल्या नाहीत. आधी गावागावांत दाखवल्या. एका खाडीतल्या माणसाने दुसऱ्या खाडीतल्या माणसाला पडद्यावर आपलेच दुःख सांगताना पाहिले. मग त्याच फिती मंत्र्यांना दाखवल्या आणि मंत्र्यांची उत्तरे चित्रित करून परत बेटावर आणली. लोकांनी ठरवले की राहायचे. सहकारी संस्था काढली, मोठ्या होड्या बांधल्या, पुढे मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने चालवले. फोगो आजही वसलेले आहे.

फोगोत काही जादू होती असे नाही. तिथे माणसे जास्त होती, जंगल होते, होड्या बांधणारे कारागीर होते. सहा घरांच्या बेटाला हे जमले नसते. पण तिथे सहीचा कागद येण्याच्या आधी बोलणे झाले. राल्फ मॅथ्यूजने पुढे १९७६ साली दुसरे पुस्तक लिहिले ते न हललेल्या गावांवर. नकाशावर ज्यांना ‘भविष्य नाही’ असा शिक्का बसला होता त्या गावांतली माणसे आपल्या आयुष्याचा हिशेब वेगळ्या खात्यांत मांडत होती, हे त्यात दिसते.

मग १९९२ आले. २ जुलैला केंद्र सरकारने कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली. यांत्रिक ट्रॉलरांनी समुद्र इतका खरवडला होता की मासाच उरला नव्हता. तीस हजारांहून अधिक माणसांचा रोजगार एका दिवसात गेला. लहान होड्यांनी पकडणारे आणि मोठी जहाजे यांचे भांडण गोव्याच्या किनाऱ्याने सत्तरच्या दशकात पाहिलेले आहे; ते इथे लांबवत नाही. बंदीमुळे झाले असे की ज्यांना हलवले तेही उघड्यावर आणि जे हलले नाहीत तेही. हलणाऱ्यांचे बरोबर की राहणाऱ्यांचे, या वादातला पायाच सरकला.

मेराशीन नावाचे बेट १९६८ मध्ये रिकामे झाले. तिथली माणसे, त्यांची मुले, नातवंडे ठरवून पुन्हा बेटावर जमतात. मोडक्या पायऱ्यांवर बसून जेवतात, कबरी साफ करतात. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला कुर्डी आठवली. साळावली धरणाच्या पाण्यात गेलेले सांगे तालुक्यातले ते गाव, मोगूबाई कुर्डीकरांचे. दर मे महिन्यात पाणी ओसरले की जोती, पायवाटा, सोमेश्वराचे देऊळ वर येते आणि वाडे-वालकिणीला गेलेली माणसे तिथे उत्सवाला जातात. कुर्डीकरांना कुणी टक्के विचारले नव्हते. तिथे धरण होते, पाणी चढणार होते. पण घराच्या जोत्यावर उभे राहून ‘ही आमची चूल’ असे नातवाला दाखवणारी आजी दोन्हीकडे तीच आहे.

सध्याची स्थिती सांगून मी थांबतो. स्थलांतराची योजना आजही आहे, फक्त आता पुढाकार गावाने घ्यायचा असतो आणि रक्कम बदलली आहे. २०१३ पासून कुटुंबाला अडीच लाख ते दोन लाख सत्तर हजार डॉलर मिळतात. अट होती नव्वद टक्क्यांची. ‘लिटल बे आयलंड्स’ नावाच्या बेटावर खेकड्यांचा कारखाना बंद पडला, मुले गेली, बहुतेक म्हातारी माणसे उरली. त्यांनी मत दिले तेव्हा निघाले ८९.४७ टक्के. अर्धा टक्का कमी. गाव हलले नाही. ज्यांनी ‘नाही’ म्हटले ती मोजकी माणसे आणि ज्यांनी ‘हो’ म्हटले ती सारी, पुढली तीन-साडेतीन वर्षे त्याच फेरीबोटीने जातयेत राहिली. २०१९ साली पुन्हा मतदान झाले. या वेळी शंभर टक्के. अलीकडे ती अट नव्वदवरून पंचाहत्तरवर आणली गेली आहे.

या मतदानात मत फक्त कायम रहिवाशाला आहे. ज्याचे घर तिथे आहे पण जो बारा महिने राहत नाही त्याला नाही. जुना ‘लिव्यर’ शब्द असा सरकारी नियमात परत आला. ३१ डिसेंबर २०१९ ला लिटल बे आयलंड्सची वीज तोडली आणि फेरी थांबली. आता तिथे रस्त्यावरचा बर्फ काढायला कुणी नाही, डाक नाही. उन्हाळा आला की स्वतःची होडी आणि जनरेटर घेऊन माणसे येतात, घरांची कुलपे उघडतात, खिडक्यांना रंग देतात आणि थंडी पडायच्या आत निघून जातात.